टर्बो बदलण्याआधी: ऑइल नेमकं कुठून येतंय ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. आठवड्याला एक सातारा-पुणे-सातारा फेरी, म्हणजे महिन्याला हजारेक किलोमीटर. तेवढ्यात डिपस्टिकवरचं ऑइल इतकं उतरतं की साडेतीनशे-चारशे मिली टॉप-अप करावं लागतं. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढे दोन-तीन डाग. एका गॅरेजने टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, फरक पडला नाही. दुसऱ्याने टर्बोखाली (एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) बोट फिरवून काळं झालेलं बोट दाखवलं आणि टर्बो बदलायला सांगितला, खर्च बत्तीस हजार. तिसरा म्हणतो मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. धूर नाही, पिकअप ठीक. काय करावं?

आत्ता टर्बो बदलू नका आणि गिअरबॉक्सही उतरवू नका. टर्बो बाहेरून ओला आहे म्हणजे टर्बो गळतोय असं नाही. गाडी चालताना बोनेटखालून जोरात वारा जातो, वरून येणारं ऑइल खाली आणि मागे पसरतं आणि वाटेत जे येईल त्याला माखवतं. टर्बो, चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी), गिअरबॉक्सची बेल हाउसिंग (इंजिनला जोडणारं घंटेच्या आकाराचं आवरण) हे सगळे त्या वाटेवरच आहेत. म्हणून ओलं कुठे आहे हे पाहून उपयोग नाही. सर्वांत वरचं ओलं ठिकाण कुठलं, आणि ऑइलला तिथून बाहेर कोण ढकलतंय, हे दोन प्रश्न सुटले की गळती सापडते.

हे इंजिन म्हणजे फियाटचं १.३ लीटर मल्टिजेट, १२४८ सीसी. मारुतीत डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टा-मांझात क्वाड्राजेट, फियाटच्या पुंटो-लिनियात मल्टिजेट. आपल्याकडे रांजणगावच्या कारखान्यातही ते बनलं. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं या सर्व गाड्यांना लागू पडेल, आणि टर्बोचा भाग कुठल्याही टर्बो डिझेलला.

सुरुवात हिशेबापासून करा. ऑइलचा एक थेंब साधारण ०.०५ मिली, म्हणजे वीस थेंबांचा एक मिली. रुपयाएवढे दोन-तीन डाग म्हणजे रात्रीत पाच-दहा थेंब, फार तर अर्धा मिली. महिन्याचे झाले पंधरा मिली. तुमचं ऑइल मात्र साडेतीनशे मिली कमी होतंय. उरलेलं कुठे जातं? दोनच शक्यता. एक तर इंजिन चालू असताना, ऑइलला प्रेशर असताना गळतंय आणि बंद केल्यावर थांबतंय, किंवा ते आत जळतंय. निळा धूर दिसला नाही म्हणजे जळत नाही असं समजू नका. हजार किलोमीटरला दोन-तीनशे मिली जळलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. फरशीवरचे डाग आणि डिपस्टिकची घट हे दोन वेगळे दोष असू शकतात. तुमच्या बाबतीत तसंच असेल असा माझा अंदाज आहे, कारण टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलूनही आकडा हलला नाही.

हा आकडा आधी नीट मोजा. गाडी सपाट जागी, शक्यतो रोज त्याच जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. या इंजिनात खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लीटरचा फरक असतो, म्हणून अंदाज करता येतो. त्याहून नेमकं हवं असेल तर टॉप-अपचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओतण्याआधी आणि नंतर तोला. एक मिली ऑइल साधारण ०.८५ ग्रॅम. रात्री गाडीखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा अंथरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आणि बंपरची बाजू पेनाने आखून ठेवा. सकाळी पुठ्ठा काढला की डाग इंजिनच्या कुठल्या भागाखाली आहे हे नकाशासारखं दिसतं. इंजिनखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते आधी काढा. ऑइल त्यावर साचतं, उतारावर सरकतं आणि भलत्याच भोकातून टपकतं, मग पुठ्ठ्यावरचा नकाशा खोटा पडतो.

टपकतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, हेही पाहा. डिझेलचं इंजिन ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं. डाग तपकिरी असेल आणि वास गंधकासारखा, कुजकट असेल तर ते गिअर ऑइल. पातळ, पाण्यासारखं आणि बोटाला निसरडं लागतं ते क्लच किंवा ब्रेकचं फ्लुइड. ते लगेच पुसा, रंग खातं. डिझेलचा वास तर ओळखूच येतो. कागदी रुमालावर थेंब घेऊन शेजारी डिपस्टिकवरचा थेंब ठेवला की शंका राहत नाही.

आता धुणं. बहुतेक गॅरेजमध्ये नेमकं हेच टाळलं जातं, कारण त्यात अर्धा दिवस जातो आणि ग्राहक त्याचे पैसे देत नाही. पण घाणेरड्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊलखूण शोधणं. इंजिन पूर्ण थंड असू द्या. अल्टरनेटर, इंजिनचा संगणक, सगळे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टेपने झाका. डीग्रीझर मारा, दहा मिनिटं थांबा, ब्रशने घासा आणि साध्या नळाच्या धारेने धुवा. कार वॉशची जोराची धार मारू नका, ते पाणी सीलच्या ओठातून आणि कनेक्टरमधून आत जातं. मग हवेने सुकवा.

सुकल्यावर इंजिन वीस मिनिटं जागेवर चालवा आणि टॉर्च घेऊन बघत बसा. प्रेशरची गळती असेल तर बहुधा इथेच दिसते, कारण इंजिन चालू असताना टर्बोला ऑइल देणाऱ्या फीड पाइपमध्ये, फिल्टरच्या घरात आणि ऑइलचा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचवर पंपाचं पूर्ण प्रेशर असतं. काही दिसलं नाही तर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरा. फक्त बेल्ट आणि पुल्यांपासून दूर. तीस-चाळीस किलोमीटर फिरवून आणलं की पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळी रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक थेट उगमापाशी पोचतं. ही फेरी गावातल्या गावात नको, इंजिनवर भार यायला हवा. तुम्हाला पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ मिळतो, त्याहून चांगली चाचणी नाही. घाट चढून वर आल्यावर सुरक्षित जागी थांबा, बोनेट उघडा आणि कशालाही हात न लावता टॉर्चने बघा.

एवढ्यावर सापडलं नाही तर यूव्ही डाय. ऑइलमध्ये टाकायच्या डायची बाटली बाजारात मिळते, मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. बारीक गोष्ट अशी की काजळीने काळं झालेलं ऑइल डायची चमक दाबून टाकतं. त्यामुळे ऑइल आणि फिल्टर बदलायच्या वेळीच डाय टाका, मग पन्नास-शंभर किलोमीटर चालवून रात्री अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून बघा. पोपटी-पिवळी चमक जिथे सुरू होते ते ठिकाण हवं, जिथे सर्वांत जास्त चमकतं ते नव्हे. ऑइल नेहमी खालीच जास्त साचतं.

आता या इंजिनात कुठे बघायचं ते वरून खाली सांगतो.

तुमचा तिसरा मिस्त्री मागचं क्रँक सील म्हणतोय, तर आधी व्हॅक्यूम पंप बघा. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देणारा हा पंप हेडवर, कॅमशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याची ओ-रिंग (सांध्यातली रबरी गोल रिंग) किंवा पॅकिंग कडक झालं की ऑइल हेडच्या मागच्या भिंतीवरून उतरतं, बेल हाउसिंगवर पडतं आणि तिच्या कडेने फिरून बरोबर तळाशी, इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब क्रँक सीलची गळती वाटते. फरक ओळखायचा तो असा: पंपाच्या खालून बोट फिरवा, मग बेल हाउसिंगच्या वरच्या पाठीवर. तिथे ओलं असेल तर ऑइल वरून येतंय, क्रँक सीलचं ऑइल वर चढून तिथे जाऊ शकत नाही. वरची पाठ कोरडी, धुळकट आणि फक्त तळाचा सांधा ओला असेल तरच मागच्या सीलवर संशय घ्या. तेव्हाही वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आहे. ओ-रिंग काही रुपयांची असते. गिअरबॉक्स उतरवला तर मजुरीबरोबर क्लचचाही खर्च बहुतेक वेळा मागे लागतो.

प्रेशर स्विच हा दुसरा फसवा भाग. त्याचा कनेक्टर काढून आत बघा. आतली पिन ठणठणीत कोरडी हवी. स्विचच्या आतला पडदा फाटला की ऑइल प्लॅस्टिकमधून झिरपून कनेक्टरमध्ये येतं आणि वायरच्या आवरणातून आत सरकत लांब जातं. मग हार्नेसच्या भलत्याच वळणावर थेंब दिसतो आणि वर काहीच सापडत नाही. गळती इंजिन चालू असतानाच होते, म्हणून फरशी स्वच्छ आणि डिपस्टिक रिकामी, असं कोडं पडतं.

ऑइल फिल्टरचं घर आणि त्याला जोडलेला ऑइल कूलर: फिल्टर बदलताना टोपणाची ओ-रिंग नवी न टाकता जुनीच बसवली गेली का, हे बिल काढून तपासा. कूलरची सील गेली असतील तर कूलंटच्या टाकीच्या टोपणाखाली काळपट चिकट थर दिसतो, तोही बघून घ्या.

टायमिंग चेनवरचं कव्हर आणि चेंबर यांना तयार पॅकिंग नसतं, सिलिकॉनचा थर असतो. एवढ्या वयाला तो कोपऱ्यात सुटतो आणि घामासारखं ऑइल झरतं. तुमचे रुपयाएवढे डाग बहुधा यातलेच. गाडी स्पीडब्रेकरला खाली घासली असेल तर चेंबरची कड वाकलेली आहे का ते बघा, आणि ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी बदलला जातो का तेही. हे दोष डाग पाडतात, पण साडेतीनशे मिली संपवत नाहीत. पुढचं क्रँक सील गेलं असेल तर पुलीच्या मागे गोल फवारा उडालेला दिसतो. फवारा नसेल तर सील ठीक आहे, पुढे चला.

आता टर्बो. इथे थोडं थांबतो, कारण त्याचं ऑइल बाहेर का येतं हे कळलं नाही तर नवा टर्बोही महिन्याभरात ओला होतो.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला रबरी सील लावताच येत नाही, जळून जाईल. दोन्ही टोकांना लोखंडी रिंगा असतात, पिस्टन रिंगसारख्या. त्या ऑइलला पूर्ण अडवत नाहीत. चालू टर्बोत बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आणि एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बाइनच्या पंख्यांच्या बाजूला, हवेचा आणि वायूंचा दाब जास्त असतो आणि मधल्या बेअरिंगच्या घरात कमी. तो दाबच ऑइलला आत ठेवतो. मधल्या घरातला दाब वाढला किंवा बाहेरचा फार कमी झाला की ऑइल रिंगेपलीकडे जातं, टर्बो अगदी नवा असला तरीही.

मधल्या घरातला दाब वाढायचं पहिलं कारण रिटर्न पाइप. ऑइल टर्बोत येतं ते बारीक फीड पाइपमधून, प्रेशरने. परत जातं ते प्रेशरशिवाय, केवळ उतारावरून, तेही फेस होऊन. म्हणून रिटर्न पाइप फीडच्या कितीतरी पट जाड असतो. त्यात जळलेल्या ऑइलचा कोळसा साचला, पाइप कुठे दबला किंवा पॅकिंगवर कुणी सिलिकॉन लावलं आणि ते आत फुगून भोकात आलं, तर फेस तुंबतो आणि टर्बोच्या दोन्ही टोकांनी बाहेर पडतो. टर्बोच्या ऑइल फ्लॅंजवर (पाइप जोडायच्या सपाट तोंडावर) सिलिकॉन कधीही लावायचं नाही. सुटलेला एक तुकडा फीडच्या बाजूला गेला तर बेअरिंग उपाशी मरतं.

दुसरं कारण क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या इंजिनच्या पोटातला दाब, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिटर्न पाइप चेंबरकडेच जातो. तिथेच दाब साचलेला असेल तर ऑइल उतरणार कसं? तिसरं कारण चोंदलेला एअर फिल्टर. कॉम्प्रेसर हवा ओढतो, हवा मिळत नाही, तोंडाशी ओढ वाढते आणि ती रिंगेतून आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीतून) ऑइल खेचते. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत फिल्टर किलोमीटरवर नव्हे, डोळ्यांनी बघून बदला.

टर्बोवर निर्णय देण्याआधी या चार गोष्टी बघा, इंजिन थंड असताना.

फीड पाइपचा बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून ऑइल जातं) आणि त्याचे दोन तांब्याचे वॉशर: बोल्ट टर्बोच्या वरच्या बाजूला असतो. तिथे ओलं असेल तर खालचा सगळा टर्बो माखतो. तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीचं काळं बोट यातूनही आलेलं असू शकतं. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, म्हणून काढलेला वॉशर पुन्हा घालायचा नाही, दोन्ही नवे. प्रेशरची गळती असल्यामुळे एवढ्याशा फटीतूनही महिन्याला तीनशे मिली सहज जाऊ शकतं, आणि तुमचा आकडा यात बसतो.

मग कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा पाइप काढा आणि बोट फिरवा. इथेच खरा उलगडा होतो. तोंडाच्या आधीचा पाइप आतून ओला असेल तर ऑइल टर्बोतून आलेलं नाही. ब्रीदरची नळी याच पाइपला जोडलेली असते, वाफेबरोबर ऑइल तिथून येतंय. तोंडाचा पाइप कोरडा आणि बाहेर जाणारा, इंटरकूलरकडचा (टर्बोतली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडचा) पाइप ओलाचिंब असेल तर टर्बोच्या रिंगेतून येतंय. दोन्हीत पातळसा थर असणं सामान्य आहे. इंटरकूलरच्या खालच्या होजच्या क्लॅम्पपाशी ओलं दिसतं तेही याच वाफेचं ऑइल, टर्बोच्या हवेच्या दाबाने ढिल्या क्लॅम्पमधून बाहेर ढकललेलं. तिथे होजला चीर आहे का बघा, क्लॅम्प बदला.

तोंड उघडं आहे तोवर शाफ्ट बोटांनी हलवा. आत-बाहेर खेचताना जवळजवळ काहीच हलायला नको. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, ऑइलचा थर नसताना तो तेवढा हलणारच. मात्र आडवा दाबून फिरवताना पंखा घराला घासायला नको आणि पात्यांच्या कडा मोडलेल्या किंवा चघळल्यासारख्या नकोत. आत-बाहेर स्पष्ट टक्‌टक् जाणवली तर टर्बोचं आयुष्य संपलंय, मग मात्र चालढकल नको.

चौथं, टर्बाइनची बाजू. सायलेन्सरचा पहिला पाइप सोडून बघा. आत कोरडी काजळी हवी. ओलं ऑइल असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडेही बघा. मॅनिफोल्डही ओला म्हणजे ऑइल इंजिनमधून, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून येतंय. मॅनिफोल्ड कोरडा आणि फक्त टर्बाइननंतर ओलं म्हणजे टर्बोतून. मागून येणाऱ्या मित्राला धुराची वेळ लक्षात ठेवायला सांगा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. पाच मिनिटं आयडलला ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर ढग आला तर टर्बोचा रिटर्न किंवा टर्बोची रिंग. घाटात भार असताना सतत येत राहिला तर इंजिनच्या पिस्टन रिंगा.

आता बॅक कॉम्प्रेशन मोजणं. ऑइल भरायचं टोपण काढून धूर बघणं ही चाचणी सर्रास करतात, पण डिझेलमध्ये थोडी वाफ येतेच, त्यावरून इंजिन उघडायचा निर्णय घेऊ नका. पाण्याचा मापक बनवा. दोन मीटर पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बांधा, दोन्ही बाजू किमान पन्नास सेंटीमीटर उंच, निम्म्यापर्यंत पाणी, दिसायला त्यात थोडी नीळ. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं मोकळं. उंची महत्त्वाची, कमी ठेवली तर इंजिन पाणी ओढून घेईल. निरोगी इंजिनात आयडलला पाणी जवळपास बरोबरीत राहतं किंवा किंचित इंजिनकडे ओढलं जातं. तीन हजार आरपीएमला ते मोकळ्या बाजूला चढत चाललं तर दाब साचतोय.

तसं झालं तर ब्रीदरची नळी इनटेकपासून सोडून मोकळ्या हवेत धरा आणि पुन्हा बघा. पाणी लगेच खाली आलं तर ब्रीदर किंवा त्यातला ऑइल वेगळं करणारा भाग चोंदलाय. तो साफ करा किंवा बदला, बऱ्याच गळत्या एकदम बंद होतात. तरीही दाब तेवढाच राहिला तर आत कुठून तरी हवा येतेय. यात एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: व्हॅक्यूम पंप ओढलेली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. ब्रेक बूस्टरचा पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमची एखादी नळी चिरली की पंप दिवसभर बाहेरची हवा ओढून इंजिनात भरत राहतो. हँडब्रेक लावून, गाडी जागेवर असताना, पंपाकडची व्हॅक्यूम नळी काढून पंपाचं तोंड बंद करा. पाणी खाली आलं तर दोष नळीत किंवा बूस्टरमध्ये आहे आणि ब्रेकसाठीही तो तातडीने दुरुस्त करायला हवा. चाचणी झाल्यावर नळी बसवल्याशिवाय गाडी हलवू नका. यातही फरक पडला नाही, तरच सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती सुटते ते बघणं) करून पिस्टन रिंगांकडे वळा.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: एअर फिल्टर बघणं, धुणं, बँजोचे वॉशर, प्रेशर स्विचचा कनेक्टर, व्हॅक्यूम पंपाची ओ-रिंग, कॉम्प्रेसरचे दोन्ही पाइप, मग पाण्याचा मापक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढचे पाचशे किलोमीटर मोजा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गळती थांबली तर कारण कळत नाही, आणि पुन्हा सुरू झाली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. स्टॉप-लीकची बाटली या गाडीत ओतू नका. ती रबर फुगवते, टर्बोच्या लोखंडी रिंगांना तिचा काही उपयोग नाही.

सगळं करून टर्बोच दोषी निघाला, तर बदलताना फीड पाइप नवा घ्या किंवा निदान आरपार साफ झाल्याची खात्री करा. रिटर्न पाइप काढून त्यातून उजेड आरपार दिसतो का बघा. वॉशर आणि पॅकिंग नवी, ऑइल आणि फिल्टरही त्याच दिवशी नवे. बसवण्याआधी टर्बोच्या फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. मग इंजेक्शन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवा, अधूनमधून त्याला थांबू देत. पहिली दोन-तीन मिनिटं आयडलच, रेस नाही. इंटरकूलर आणि त्याचे पाइप उतरवून आतलं ऑइल काढा, धुवा आणि पूर्ण सुकवा. हे टाळणं धोक्याचं आहे. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल एकदम आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावायला लागतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. तसं कधी झालंच तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. बोनेट उघडून पुढे उभं राहू नका.

तोवर गाडी वापरायला हरकत नाही. डिपस्टिक आठवड्याला बघा, खालच्या खुणेच्या वर ठेवा, पण वरच्या खुणेच्या वर कधीच नाही. जास्त भरलेलं ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं आणि ब्रीदरमधून आणखी बाहेर जातं. घाट चढून आल्यावर किंवा लांब हायवेनंतर अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून मगच बंद करा, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेल्या ऑइलचा कोळसा होतो आणि तोच पुढे रिटर्न पाइपमध्ये साचतो. पाचशे किलोमीटरनंतर तीन गोष्टी कळवा: किती मिली कमी झालं, कॉम्प्रेसरचा कुठला पाइप ओला होता, आणि तीन हजार आरपीएमला पाणी किती सेंटीमीटर चढलं. त्यावरून पुढे इंजिन उघडायचं की शंभर रुपयांच्या वॉशरवर थांबायचं हे सांगता येईल.